चालता चालता बोला, आजी

म्हातारं माणूस पडलं की घरचे एका वाक्यात सांगतात, "पाय घसरला." ज्याचा पाय घसरला त्याला निवांत बसवून विचारलं, की हकिगत लांबत जाते. दूध गॅसवर ठेवलं होतं आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. हॉलमध्ये फोन वाजत होता, मुलीचा असेल म्हणून लगबगीनं उठले. नातू फाटकातून हाका मारत होता, त्याच्या पिशवीची गाठ मारत मारत पायरी उतरत होतो. या हकिगतींत ओली फरशी असते, उंबरठा असतो, अंधारी मोरी असते. पण बऱ्याचदा त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट असते. पडण्याच्या त्या क्षणी माणूस चालत होतं आणि चालण्याखेरीज आणखी काहीतरी करत होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा भागातल्या वयस्कर माणसांचा तोल आणि चालणं तपासणं हे माझं रोजचं काम. खुब्याचं हाड मोडून आलेली, मनगट प्लॅस्टरमध्ये घालून आलेली, किंवा नुसतीच "हल्ली झोक जातो" म्हणून आलेली माणसं माझ्यासमोर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडण्यानं दगावतात आणि त्यात साठीच्या पुढच्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. आकडा मोठाच आहे. पण माझ्या खोलीत जे दिसतं ते मृत्यूच्या अलीकडचं असतं. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडू नये म्हणून चालणंच कमी करतं, चालणं कमी झालं की पाय आणखी कमकुवत होतात आणि मग ते खरोखरच पुन्हा पडतं. हे चक्र जितक्या लवकर तोडता येईल तितकं बरं, म्हणून तपासणी नेमकी हवी.

आमच्या तपासणीतली सगळ्यांत साधी चाचणी म्हणजे 'टाइम्ड अप अँड गो'. डायन पोडसियाडलो आणि सँड्रा रिचर्डसन यांनी ती 1991 मध्ये मांडली. हात टेकवायला दांड्या असलेली, साधारण 46 सेंटिमीटर उंचीची खुर्ची घ्यायची. समोर तीन मीटरवर जमिनीवर खूण करायची. उठायचं, नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, बसायचं. पायात रोजची चप्पल, हातात रोजची काठी असेल तर काठी. मी स्टॉपवॉच दाबते आणि चालत राहते, त्यांच्या थोडं मागे आणि बाजूला, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याजवळ ठेवून. पुढे उभं राहून चालत नाही. पुढे कुणी दिसलं की माणूस त्याचा हात धरायला झुकतं.

एवढ्याशा चालण्यात खूप काही दिसतं. उठताना दांड्यांवर किती भार टाकला, पहिलं पाऊल पडण्याआधी किती वेळ गेला, वळताना दोन पावलं लागली की सहा, बसताना खुर्ची पाहिली की धपकन अंग सोडलं. सेकंदांचा आकडा मी वहीत लिहिते, पण या गोष्टीही शेजारी लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात सुधारणा झाली की नाही हे पुष्कळदा त्यांच्यावरूनच कळतं.

पण ही चाचणी शांत खोलीत होते. दार लावलेलं, फरशी कोरडी, नातेवाईक गप्प बसलेले, समोर एकच काम. असं चालणं त्यांच्या दिवसात येतं तरी केव्हा?

ही अडचण मला सर्वांत स्पष्ट कळली ती एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांमुळे. वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी ताठ, आवाज खणखणीत. थोड्याच काळात दोनदा पडले होते. दुसऱ्या वेळी वाण्याच्या दुकानाच्या पायऱ्या उतरताना, हातातले सुटे पैसे मोजता मोजता. साधी चाचणी त्यांनी अकरा सेकंदांत केली. कागदावर पाहिलं तर चिंतेचं काही नव्हतं. पायांची ताकद चांगली, एका पायावर उभं राहणंही वयाच्या मानानं ठीक. मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो ना, त्यांना काही झालेलं नाही. नुसते धांदरट झालेत."

मी काकांना पुन्हा उभं केलं आणि म्हटलं, "आता तेच करायचं, पण चालता चालता ब्याण्णवमधून तीन-तीन वजा करत जायचं. मोठ्यानं." शंभरापासून मी सुरुवात करत नाही, कारण तो हिशेब पुष्कळांनी आधी कुठे ना कुठे केलेला असतो. काका हसले. आयुष्यभर घाटातल्या वळणांवर हिंदकळणाऱ्या गाडीत उभं राहून, एका हातानं दांडी धरून, तिकीट फाडून सुटे परत दिलेला माणूस. "एकोणनव्वद, शहाऐंशी, त्र्याऐंशी..." खुणेपर्यंत आवाज आणि पाऊल दोन्ही ठीक चाललं. वळणावर "ऐंशी" म्हणाले आणि पुढचा आकडा शोधत असताना डावा पाय उजव्याजवळ अडखळला. खांदा एका बाजूला गेला. माझा हात पट्ट्यावर होता. त्यांनी तोल सावरला, आकडा सोडून दिला, परत आले, बसले. सतरा सेकंद झाले होते.

अकराचे सतरा. दोन कामं एकत्र करताना लागलेला वेळ वजा नुसतं चालायला लागलेला वेळ, भागिले नुसत्या चालण्याचा वेळ, गुणिले शंभर. आम्ही याला दुहेरी कामाची किंमत म्हणतो. काकांच्या बाबतीत ती सुमारे 55 टक्के आली. मुलाला मी आकडा समजावून सांगितला आणि म्हटलं, "धांदरट म्हणू नका. त्यांचे पाय चांगले आहेत. डोक्याला दुसरं काम लागलं की पायांना पुरेसं लक्ष मिळत नाही, एवढंच आहे आणि ते तपासता येतं." काका काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी येडा नाही झालो." पडलेल्या माणसाला आपल्यात नेमकं काय बिघडलंय हे कळणं ही उपचाराची पहिली पायरी असते. त्यांच्या चेहऱ्यावर ते मी पाहिलं.

असं का होतं? तरुणपणी चालणं जवळजवळ आपोआप होतं. तळपायाची जाणीव, सांध्यांतून येणारे संदेश, डोळे, कानातली तोलाची यंत्रणा या सगळ्यांकडून माहिती येत राहते आणि मेंदू वेगळं लक्ष न देता पाऊल टाकतो. वय वाढतं तसे हे संदेश क्षीण होतात. मधुमेहानं तळपाय बधिर झालेले असतील, मोतीबिंदू असेल, तर आणखीच. मग जे आपोआप होत होतं ते मेंदूच्या पुढच्या भागाला लक्ष घालून करावं लागतं. हा तोच भाग, जो हिशेब करतो, नाव आठवतो, बोलण्याचं उत्तर जुळवतो. लक्ष हे टाकीतल्या पाण्यासारखं असतं. दोन नळ एकदम सोडले की दोन्हींची धार बारीक होते.

या गोष्टीकडे अनेकांचं लक्ष वेधलं ते स्वीडनमधल्या उमेओच्या एका छोट्या निरीक्षणानं. लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केलं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या 58 जणांबरोबर त्या चालत आणि चालता चालता गप्पा सुरू करत. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ना यंत्र, ना खर्च. फक्त एक प्रश्न आणि पाहणारी नजर. जे थांबले नाहीत त्यांतलेही काही पडले, हेही त्याच निरीक्षणात आहे. म्हणून ही खूण एकटी पुरत नाही. पण आपल्या गल्लीत, देवळाच्या वाटेवर, बाजारात कुठेही दिसू शकणारी ही खूण आहे आणि तिच्याकडे पाहायला कुणाही घरच्या माणसाला शिकवता येतं.

आता एक प्रामाणिक बाब. 2000 मध्ये अॅन शमवे-कुक आणि सहकाऱ्यांनी साध्या चाचणीबरोबर वजाबाकीची आणि पाण्याने भरलेला कप घेऊन चालण्याची चाचणी तीस ज्येष्ठांवर करून पाहिली. पंधरा पडणारे, पंधरा न पडणारे. दुसरं काम दिल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढला. पण कोण पडणारा आणि कोण नाही हे ओळखण्यात साधी चाचणीच जवळजवळ तितकी उपयोगी ठरली. त्या अभ्यासातला साडेतेरा सेकंदांचा आकडा आजही आमच्या खोल्यांतून वापरला जातो. मग मी दुहेरी चाचणी का करते? केवळ 'पडेल' किंवा 'पडणार नाही' असा शिक्का मारण्यासाठी मी ती करत नाही. समोरच्या माणसाचं कुठे आणि कशापायी सुटतं ते मला पाहायचं असतं. काकांचं वळणावर आणि हिशेबात सुटलं. उपचार तिथूनच सुरू करायचा होता. साध्या चाचणीनं मला ते सांगितलं नसतं.

दुसरं काम कोणतं द्यायचं, हे मात्र पुस्तकातून उचलता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक आज्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना वजाबाकी सांगितली तर त्या घाबरतात आणि आपण तपासतो ती भीती. उलट, जुन्या शाळेतल्या आजोबांना पाढे म्हणायला सांगितले तर पावकी, निमकी, दिडकी एका दमात म्हणत जातात आणि चालीत तसूभर फरक पडत नाही. पाठांतर जिभेवर असतं, त्याला लक्ष लागत नाही.

हे मला एका वारकरी आजींनी फार छान दाखवलं. वय ऐंशीच्या घरात, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. अनेक वर्षं आळंदी ते पंढरपूर चाललेल्या. मी म्हटलं, "आजी, चालता चालता काहीतरी म्हणा." त्यांनी हरिपाठ सुरू केला आणि खुणेवर जाऊन वळून परत आल्या. पाऊल उलट अधिक सरळ पडलं, लयीत. मग मी म्हटलं, "आता महिने सांगा, पण उलटे. फाल्गुनापासून मागे." चैत्र, वैशाख त्यांना झोपेतही आले असते. उलटं मात्र कुणी पाठ केलेलं नसतं. "फाल्गुन... माघ... पौष..." म्हणत निघाल्या. खुणेच्या अलीकडेच त्या जागच्या जागी थांबल्या, काठी नीट टेकवली आणि मला म्हणाल्या, "थांब पोरी, मला आठवू दे आधी." मार्गशीर्ष आठवला. तो सांगितला आणि मग पाऊल उचललं.

मी त्यांच्या वहीत लिहिलं, 'विचारल्यावर थांबतात.' स्वीडनच्या निरीक्षणाप्रमाणे ही धोक्याची खूण होती. आणि तरीही आजींनी जे केलं ते शहाणपणाचं होतं. त्यांच्या शरीरानं तोल आधी आणि उत्तर नंतर असा क्रम लावला होता. काकांनी दोन्ही रेटायला पाहिलं आणि अडखळले. थांबणं सांगतं की या माणसाला आता चालायला लक्ष लागतं. आणि लक्ष लागत असेल तर थांबणं हाच त्या क्षणाचा उपायही असतो. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवायला मला बराच काळ लागला. आज मी थांबणाऱ्या माणसाला "थांबू नका, चालत राहा" असं कधीच म्हणत नाही.

सगळ्यांचं शरीर असा क्रम लावतंच असं नाही. पार्किन्सनच्या आजारात पुष्कळदा उलट होतं. माणूस उत्तर देण्यात गुंततं, पावलं आखूड होतात, पाय जमिनीला चिकटल्यागत होतात आणि तरी बोलणं थांबत नाही. अशा वेळी मी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवते आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक जण उभा करते. ही चाचणी घेताना धोका आपण होऊन निर्माण करत असतो, हे विसरून चालत नाही.

आणखी एक पथ्य मी पाळते. चालायच्या आधी तेच दुसरं काम बसून करायला सांगते. भाज्यांची नावं सांगायची असतील तर आधी खुर्चीत बसून अर्ध्या मिनिटात किती आली ते मोजते. बसून बारा आली आणि चालताना पाच, तर चाल बिघडली नाही असं वाटलं तरी किंमत मोजलीच गेली आहे. ती बोलण्यानं भरली. नुसतं घड्याळ पाहणाऱ्याला हे कळत नाही. ज्यांना बसूनही तीनच भाज्या आठवल्या, त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी वेगळी करून घ्यायला सांगते.

हातातल्या कामासाठी पाण्याचा पेला पुरतो. काठोकाठ भरलेला पेला घेऊन आज्या निघतात तेव्हा नजर पेल्यावर जाते. पायाखालचं दिसेनासं होतं. घरी चहाचा ट्रे घेऊन उंबरठा ओलांडताना नेमकं हेच होतं. एक मावशी पेला घेऊन चालताना सांडू नये म्हणून दोन्ही कोपर अंगाशी घट्ट धरत, श्वास रोखून धरत. पेला खाली ठेवल्यावरच श्वास सोडत. त्यांना मी आधी चालताना श्वास घ्यायला शिकवलं. मग अर्धा पेला, मग पाऊण.

तपासणीतून जे निघतं त्यावर उपचार ठरतो. आधी बाकीची कारणं पाहावी लागतात. उठल्यावर रक्तदाब उतरतो का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, चष्म्याचा नंबर कधी तपासला. ते डॉक्टरांबरोबर बसून पाहतो. त्यानंतर पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम आणि मग हळूहळू दोन कामं एकत्र. सरावात मी लक्ष मुद्दाम इकडून तिकडे हलवायला सांगते. या फेरीत लक्ष पावलांवर, हिशेब चुकला तरी चालेल. पुढच्या फेरीत लक्ष हिशेबावर, चाल हळू झाली तरी चालेल. लक्ष आपल्या मर्जीनं वळवता येणं, हेच शिकायचं असतं. काकांसाठी आम्ही जुन्या तिकिटांचे दर काढले. साताऱ्याहून निघालेली गाडी, दोन फुल, एक हाफ, शंभराची नोट. वळण आलं की आधी वळायचं, मग सुटे सांगायचे. हा नियम त्यांना एकदा पटला की पुढे मला आठवण करून द्यावी लागली नाही.

संगीताच्या लयीवर हे काम आणखी चांगलं होतं. जिनिव्हामध्ये 134 ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. स्विस संगीतकार एमिल झाक-डालक्रोझ यांच्या पद्धतीवर आधारलेले वर्ग आठवड्यातून एकदा, सहा महिने. पियानोच्या तालावर चालायचं, ताल बदलला की चाल बदलायची, हातात वस्तू घेऊन हालचाली करायच्या. ज्यांनी हे केलं त्यांचं पडणं कमी झालं आणि दोन कामं करतानाची पावलं अधिक एकसारखी पडू लागली. हे वाचताना मला दिंडीतली पावली आठवली. हातात टाळ, तोंडी अभंग, पखवाजाकडे कान, पुढच्याच्या पावलावर नजर. आमच्या वर्गात आता टाळ आहेत. पाठ असलेल्या अभंगाला लक्ष लागत नाही, म्हणून मी मधेच ठेका बदलायला सांगते, किंवा माझा हात वर गेला की मागे पाऊल टाकायला. आजी यात सगळ्यांच्या पुढे असतात.

घरच्यांशी बोलणं हा या कामाचा अर्धा भाग. तपासणीत मी आईला प्रश्न विचारला की उत्तर मुलगा देतो. प्रेमानंच देतो. मी त्याला बाहेर बसवत नाही, पण आईकडे पाहून पुन्हा विचारते. घरी गेल्यावर काय करायचं ते नीट सांगते. मागून हाक मारू नका, समोर येऊन बोला. फोन उठून घ्यावा लागू नये, तो त्यांच्या खिशात किंवा गळ्यातल्या पिशवीत असू द्या. जिना चढता-उतरताना त्यांच्याशी गप्पा मारू नका, वर पोचल्यावर मारा. हातात वस्तू द्यायची तर ते बसल्यावर किंवा स्थिर उभे राहिल्यावर द्या. मोरीत आणि संडासात दिवा आधी लागेल असं करा. त्यांनी चालताना थांबून उत्तर दिलं तर घाई करू नका.

आणि एक सांगते तेव्हा आवाज थोडा वाढवते. त्यांचं काम काढून घेऊ नका. पडल्यावर घरची माणसं चहा करणं बंद करतात, भाजी आणणं बंद करतात, देवपूजाही बसल्या जागी आणून देतात. सगळं प्रेमापोटी. पण ज्या माणसाच्या दिवसातून दोन कामं एकत्र करण्याचे प्रसंगच काढून टाकले, त्याचं ते कौशल्य लवकर जातं. ते पूर्ण जाऊन मग एखाद्या दिवशी खरोखर बेल वाजते आणि घरात कुणी नसतं. म्हणून चहा त्यांनी करावा, पण ट्रे दुसऱ्यानं उचलावा. भाजी त्यांनी आणावी, पण पैसे ओट्यावर उभं राहून मोजावेत, पायरीवर नाही.

माझी सगळ्या तपासणाऱ्यांना, डॉक्टरांना, नर्सताईंना, गावोगाव घरी जाणाऱ्या आशाताईंना एक विनंती आहे. पडलेल्या माणसाला 'कुठे पडलात' आणि 'कुठे लागलं' यांच्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. त्या वेळी हातात काय होतं? आणि मनात काय चाललं होतं? तपासणीच्या कागदावर या दोन उत्तरांसाठी जागा ठेवा. मग त्या माणसाला उभं करा आणि जसं ते घरी चालतं तसं चालवून पाहा, बोलत, हिशेब करत, हातात काहीतरी घेऊन, आपला हात त्याच्या पट्ट्याजवळ ठेवून. शांत खोलीतल्या तीन मीटरांत माणसाची ताकद कळते. त्याला त्याच्या दिवसासकट चालवलं, की त्याला कुठे आधार द्यायचा आणि कुठे मोकळं सोडायचं हे कळतं. आणि आपलं काम तेच आहे.